‘विदाउट फॉरमॅट जेन्युइन करून देतो’: लॅमिंग्टन रोडवरच्या अस्सल विंडोजची झाडाझडती

ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरून लॅमिंग्टन रोडवर (पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, बोलण्यात अजून लॅमिंग्टनच) कुठल्याही कॉम्प्युटरवाल्याच्या काउंटरला टेकलात आणि म्हणालात, ‘भाऊ, विंडोज जेन्युइन करायची आहे, पण फॉरमॅट नको,’ (म्हणजे मशीनवरची चोरीची विंडोज डिस्क न पुसता कायदेशीर करायची आहे) तर उत्तर ठरलेलं असतं: ‘होऊन जाईल. प्रो टाकून देतो, मशीन ठेवून जा.’

यातलं ‘होऊन जाईल’ खरं आहे. घोळ आहे तो ‘प्रो टाकून देतो’ यात. (प्रो ही विंडोजची धंद्यासाठीची आवृत्ती, होम ही घरगुती.) कुठल्या चॅनलची, म्हणजे कुठल्या विक्रीमार्गाने आलेली, की (विंडोज चालू करणारा पंचवीस अक्षरांचा परवाना-क्रमांक) टाकणार, ती या मशीनला कायद्याने लागू पडते का, आणि मशीनवर आधीच एखादी अस्सल विंडोज झोपलेली आहे का, हे काउंटरवर कोणी विचारत नाही. म्हणून ही चिकित्सा दोन गोष्टींची आहे: की म्हणून विकला जाणारा माल, आणि ती बसवून देण्याची सेवा.

फॉरमॅट नको म्हणणारा माणूस आळशी नसतो. दादरच्या एखाद्या डीटीपीवाल्याकडे बघा. लग्नपत्रिकांच्या हंगामात त्याच्या मशीनवर श्रीलिपी आणि आयएसएम ही मराठी टायपिंगची सॉफ्टवेअरं, कोरलड्रॉची जुनी आवृत्ती, हजारभर फाँट आणि ज्याचा ड्रायव्हर आता कंपनीच्या साइटवरही सापडत नाही असा प्रिंटर, एवढं सगळं एकमेकांना सांभाळून उभं असतं. सीएच्या ऑफिसात टॅली, डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर, आउटलुकची वीस जीबीची पीएसटी फाइल. विंडोज नव्याने टाकायला तास लागतो. बाकीचं पुन्हा उभं करायला दोन दिवस जातात, आणि एखादं सॉफ्टवेअर पुन्हा उभं राहतच नाही, कारण त्याची सीडी चार वर्षांपूर्वी हरवलेली असते.

दुसऱ्या बाजूला कायदा. प्रताधिकार कायदा, १९५७ मधलं कलम ६३ब मुद्दाम कॉम्प्युटर प्रोग्रामसाठी आहे. बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरल्यास किमान ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. वापर धंद्यासाठी किंवा नफ्यासाठी नसेल तर न्यायालय कैद टाळून फक्त दंड करू शकतं. दुकान, क्लिनिक, क्लास, सीएचं ऑफिस ही सवलत मागू शकत नाहीत.

खरेदीच्या आधी पाच मिनिटांची तपासणी. खालच्या कमांड देवनागरीत उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, टाइप करताना तीच अक्षरं इंग्रजीत टाकायची. नावांमधली आडवी रेघ फक्त वाचण्याच्या सोयीसाठी आहे, ती टाइप करायची नाही (अपवाद ‘गेट-इंटल’). स्टार्टमध्ये सीएमडी शोधा, राइट क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ करा, आणि ‘एसएलएमजीआर’, एक स्पेस, मग ‘/डीएलआय’ टाइप करून एंटर मारा. दोन-तीन सेकंदांत छोटी खिडकी उघडते. ही खिडकी नीट वाचता आली की लॅमिंग्टनचा अर्धा रस्ता पार झाला.

‘डिस्क्रिप्शन’च्या ओळीच्या शेवटी चॅनल लिहिलेलं असतं. तिथे ‘व्हॉल्यूम केएमएस-क्लायंट’ आलं, त्याखाली अर्धवट कीची पाच अक्षरं ‘टी८३जीएक्स’ आणि आणखी खाली २,५९,२०० मिनिटांच्या आसपासचा आकडा दिसला, तर घरगुती मशीनच्या बाबतीत निकाल लागल्यासारखाच आहे. २,५९,२०० मिनिटं म्हणजे १८० दिवस. केएमएस ही मोठ्या संस्थांची सोय: संस्थेच्या आत एक सर्व्हर असतो, किमान २५ मशीन त्याला विचारणा करतात तेव्हा तो ॲक्टिव्हेशन (विंडोज चालवायची परवानगी) द्यायला लागतो, आणि प्रत्येक मशीन दर सात दिवसांनी त्याच्याकडून मुदत वाढवून घेतं. घाटकोपरच्या टू-बीएचकेमध्ये असा सर्व्हर नसतो. तिथे त्याचं सोंग करणारा प्रोग्राम मशीनच्या पोटातच बसवलेला असतो आणि तो दर काही दिवसांनी स्वतःलाच परवानगी देत राहतो.

‘/डीएलआय’च्या जागी ‘/एक्सपीआर’ टाकलं आणि मुदत २०३८ सालातली दाखवली, तर तीही त्याच कारागिरीची सही. मायक्रोसॉफ्ट कुणालाही २०३८पर्यंतचं लायसन्स विकत नाही.

फसवं प्रकरण तिसरं. चॅनल ‘रिटेल’, मशीन ‘पर्मनंटली ॲक्टिव्हेटेड’, शेवटची पाच अक्षरं ‘३व्ही६६टी’. ही प्रो आवृत्तीची सर्वांना सारखीच असलेली जेनेरिक की. विंडोज ७ किंवा ८वरून रीतसर फुकट अपग्रेड झालेल्या मशीनवरही हीच दिसते आणि फसवून डिजिटल लायसन्स मिळवलेल्या मशीनवरही हीच. स्क्रीनवरचा हिरवा टिकमार्क बघून इथे काहीच ठरत नाही. कपाटातलं बिलच काय ते ठरवतं. सेकंड-हँड मशीन घेणाऱ्यांनी हे डोक्यात पक्कं ठेवावं. विकणारा नेमकी हीच स्क्रीन दाखवत असतो.

आता फुकटातला भाग, आणि तो काउंटरवर का सांगत नाहीत हे उघड आहे. ब्रँडेड लॅपटॉप विंडोज १० किंवा ११ सकट घेतलेला असेल, तर त्याची अस्सल की मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्ये (बोर्डावरच्या चिपमधल्या प्रोग्राममध्ये) कायमची लिहिलेली असते. हार्ड डिस्क बदला, दहा वेळा फॉरमॅट करा, ती तिथेच राहते. पॉवरशेलमधून ‘सॉफ्टवेअर-लायसन्सिंग-सर्व्हिस’ या क्लासमधलं ‘ओए३एक्स-ओरिजिनल-प्रॉडक्ट-की’ हे मूल्य मागवलं की पंचवीस अक्षरं समोर येतात. रिकामी ओळ आली तर की नाही. आपल्याकडच्या लॅपटॉपवर ही की बहुधा ‘होम सिंगल लँग्वेज’ची (एकाच भाषेच्या घरगुती आवृत्तीची) असते. मग कधीतरी हार्ड डिस्क जाते, कोपऱ्यावरचा रिपेअरवाला नवी एसएसडी घालून पेन ड्राइव्हवरची तयार ‘प्रो’ ओततो, आणि ज्याने लॅपटॉपच्या किमतीत विंडोजचे पैसे केव्हाच भरलेत तो माणूस पायरेटेड प्रत वापरायला लागतो. अशा मशीनसाठी नवी की विकत घेणं म्हणजे एकाच घराचं डिपॉझिट दोनदा भरणं.

लॅपटॉपच्या पोटावर विंडोज ७चा स्टिकर असेल तर मात्र आशा धरू नका. ७ आणि ८च्या कींवर १० किंवा ११ ॲक्टिव्हेट करण्याची वाट मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३मध्ये बंद केली.

की नाहीच असं नक्की झालं, तर बाजारात चार प्रकारचा माल आहे.

रिटेल. बॉक्स किंवा कार्ड स्वरूपात, नाहीतर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून थेट. चौघांत सगळ्यात महाग. पण एक मशीन मोडीत निघालं तर ती की दुसऱ्या मशीनवर नेता येते, आणि आधीपासून चालू असलेल्या मशीनवर टाकायला ती सरळसरळ वैध आहे. घरच्या एका-दोन मशीनसाठी हीच घ्यावी. बॉक्स घेताना कीवरचा खरवडायचा थर शाबूत आहे का ते बघा. आधीच खरवडलेला असेल तर हात लावू नका, कितीही ‘सर, सील तोडून दाखवलं होतं’ म्हणाले तरी.

ओईएम पॅक. लॅमिंग्टनवर ‘ओरिजिनल’ म्हटलं की पुढे सरकवतात तो बहुधा हा. रिटेलपेक्षा स्वस्त आणि ॲक्टिव्हेशनही पहिल्या फटक्यात. पण हा माल नवं मशीन जोडून विकणाऱ्यासाठी आहे, मदरबोर्डला कायमचा चिकटतो, आणि तीन वर्षं चाललेल्या पायरेटेड मशीनला नियमित करायला तो नाही. घरी कोणी विचारायला येणार नाही हे खरं. कंपनीच्या ऑडिटमध्ये मात्र ‘की चालते’ आणि ‘लायसन्स आहे’ या दोन वेगळ्या गोष्टी ठरतात, आणि पैसे दुसऱ्यांदा जातात.

जीजीडब्ल्यूए. पूर्ण नाव ‘गेट जेन्युइन विंडोज ॲग्रीमेंट’. नेमकं आपल्या दुखण्यावरचं औषध: संस्थेकडे मशीन आहेत, त्यावर अयोग्य लायसन्सची विंडोज आहे, ती नियमित करायची आहे. मायक्रोसॉफ्टच्या क्लाउड पार्टनरकडून मिळतं, फक्त प्रो आवृत्तीसाठी, आणि की संस्थेच्या ॲडमिन सेंटरमध्ये दिसते. बिलावर ‘लीगलायझेशन’ हा शब्द असतो. तो दिसला नाही तर विचारा. पाच-दहा मशीनच्या ऑफिसला आमच्या मते दुसरा पर्याय बघायची गरज नाही. तरी काउंटरवर याचं नाव क्वचितच निघतं, कारण हा शेल्फवरचा माल नाही, ऑर्डर टाकून मागवावा लागतो.

याच्याशी नाव सारखं वाटणारा एक सापळा आहे. साधं व्हॉल्यूम लायसन्स घेतलं तर ते फक्त ‘अपग्रेड’ असतं. खाली आधीची अस्सल विंडोज असलीच पाहिजे. पायरेटेडवर अपग्रेड लायसन्स चढवणं म्हणजे पाया नसताना दुसऱ्या मजल्याची ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) मिळवण्यासारखं आहे.

चौथा माल, ऑनलाइन मिळणारी काहीशे रुपयांची की. विक्रेता व्हॉट्सॲपवर पंचवीस अक्षरं पाठवतो, मशीन ॲक्टिव्हेट होतं, पाच तारे पडतात. काही महिन्यांनी कोपऱ्यात ‘ॲक्टिव्हेट विंडोज’चा पारदर्शक शिक्का उगवतो आणि एरर कोडच्या शेवटी ‘सी००४सी००३’ दिसतं: की ब्लॉक झाली. कारण अशा की बऱ्याचदा कुठल्यातरी कंपनीच्या सामूहिक वापराच्या असतात किंवा भंगारात गेलेल्या मशीनच्या. ओळखायची खूण सोपी: ‘रिटेल’ म्हणून घेतलेली की टाकून पुन्हा ‘/डीएलआय’ करा, चॅनल ‘व्हॉल्यूम एमएके’ (संस्थेची सामूहिक की) दाखवलं तर ती तुमची नाही. (जीजीडब्ल्यूएच्या कीलाही एमएके दिसू शकतं, पण तिथे तुमच्या संस्थेच्या नावाचं बिल असतं.) दुसरी खूण: विक्रेता तुमच्याकडे ६३ आकड्यांचा इन्स्टॉलेशन आयडी मागतो आणि ४८ आकड्यांचा कन्फर्मेशन आयडी परत पाठवतो. सरळ मालाला हा उद्योग लागत नाही. या चौथ्याला आमच्याकडून शून्य.

आता प्रत्यक्ष काम. सगळ्या अपयशांचं मूळ एकाच ठिकाणी सापडतं: आवृत्ती. मशीनवर प्रो आहे आणि हातात होमची की आहे, तर सेटिंग्ज ती झिडकारते. उलट दिशा सोपी. होमवर प्रोची की टाकली की विंडोज स्वतःच प्रो होते, एकदा रीस्टार्ट, फाइलला धक्का नाही. एंटरप्राइझवरून प्रोला यायलाही प्रोची की पुरते. अपवाद दीर्घ मुदतीच्या एलटीएससी आवृत्तीचा, जी रिपेअरवाल्यांची ‘हलकी पळते’ म्हणून लाडकी. तिच्यावर नवी आवृत्ती सेटअपने चढवावी लागते आणि सेटअपला प्रॉडक्ट की सुरुवातीलाच द्यावी लागते.

क्रम असा ठेवा. आधी बाहेरच्या डिस्कवर अख्ख्या सी ड्राइव्हची इमेज, म्हणजे हुबेहूब नक्कल. नुसत्या डॉक्युमेंट्स फोल्डरची कॉपी नव्हे. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-कुलूप) चालू असेल तर त्याची ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर, मग बिटलॉकर सस्पेंड. त्यानंतर क्रॅक, म्हणजे खोटं ॲक्टिव्हेशन देणारा प्रोग्राम, काढा. कंट्रोल पॅनलमध्ये त्याचं नाव दिसेलच असं नाही. टास्क शेड्युलरमध्ये दर काही दिवसांनी चालणारं अनोळखी काम आणि सर्व्हिसेसच्या यादीतली प्रकाशकाचं नाव नसलेली सर्व्हिस शोधा. मग विंडोज सिक्युरिटीत ‘एक्सक्लूजन्स’ची यादी उघडा. इथे डोळे विस्फारायची तयारी ठेवा: क्रॅक पकडला जाऊ नये म्हणून काही ठिकाणी अख्खा सी ड्राइव्हच डिफेंडरच्या (विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसच्या) तपासणीतून वगळलेला असतो. म्हणजे इतकी वर्षं पहारेकरी होता, पण त्याला घराकडे पाठ करून उभं केलं होतं. ती यादी रिकामी करा. शेवटी ‘ड्रायव्हर्स’ फोल्डरच्या आतल्या ‘ईटीसी’मधली ‘होस्ट्स’ फाइल नोटपॅडमध्ये ॲडमिन म्हणून उघडा. मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरची नावं १२७.०.०.१ किंवा ०.०.०.०कडे वळवणाऱ्या ओळी असतील तर खोडा. या ओळी राहिल्या तर अस्सल कीसुद्धा ‘सर्व्हरशी संपर्क नाही’ म्हणत बसते आणि दोष कीवर येतो.

आता जुनं लायसन्स उतरवायचं. तीन कमांड, एकामागून एक: ‘एसएलएमजीआर /यूपीके’ की काढते, ‘/सीपीकेवाय’ तिचा रजिस्ट्रीतला माग पुसते, ‘/सीकेएमएस’ खोट्या सर्व्हरचा पत्ता विसरायला लावते. प्रत्येकीनंतर पुष्टीची खिडकी येईपर्यंत थांबा. रीस्टार्ट. मग सेटिंग्ज, सिस्टिम, ॲक्टिव्हेशन, ‘चेंज प्रॉडक्ट की’. खिडकी अडलीच तर ‘/आयपीके’ स्पेस देऊन की, आणि नंतर ‘/एटीओ’. पुन्हा ‘/डीएलआय’: आता चॅनल रिटेल, ‘ओईएम डीएम’ (फर्मवेअरमधली की) किंवा तुमच्या नावाचं एमएके असलं पाहिजे, आणि ‘/एक्सपीआर’ने कायमचं ॲक्टिव्हेशन सांगितलं पाहिजे.

एररच्या शेवटी ‘सी००४एफ०५०’ असेल तर की चुकीची टंकलेली आहे किंवा या आवृत्तीची नाही; ८ आणि बी यांचा गोंधळ पहिल्यांदा तपासा. ‘सी००४सी००८’ म्हणजे ती की परवानगीपेक्षा जास्त मशीनवर वापरली गेलेली. ‘सी००४एफ०७४’ आलं तर मशीन अजून केएमएस सर्व्हर शोधतंय, याचा अर्थ नवी की बसलेलीच नाही, ‘/यूपीके’पासून पुन्हा.

फर्मवेअरमध्ये होम सिंगल लँग्वेजची की आणि डिस्कवर चोरीची प्रो, ही मुंबईतली सर्वांत नेहमीची जोडी. प्रोवरून होमला फॉरमॅटशिवाय उतरायची अधिकृत वाट नाही. अनधिकृत आहे आणि ती चालते: रजिस्ट्रीत ‘विंडोज एनटी’च्या ‘करंट व्हर्जन’खाली ‘एडिशन-आयडी’ हे मूल्य बदलून ‘कोअर-सिंगल-लँग्वेज’ करायचं, ‘वाव६४३२नोड’खालच्या त्याच जागीही तेच, आणि रीस्टार्ट न करता लगेच विंडोजच्या आतूनच आयएसओमधला (विंडोजची इन्स्टॉल-डिस्क एका फाइलमध्ये) सेटअप चालवायचा. मायक्रोसॉफ्टच्या डाउनलोड पानावरचा ‘मल्टि-एडिशन’ आयएसओच घ्या, त्यात सिंगल लँग्वेज असते. डिस्कची इमेज घेतली नसेल तर हा उद्योग करू नका.

हाच सेटअप, म्हणजे इन-प्लेस रिपेअर, आणखी एका कारणाने हवा. अस्सल की टाकल्याने विंडोज कायदेशीर होते, स्वच्छ होत नाही. पेन ड्राइव्हवरच्या ‘लाइट’ प्रतीतून डिफेंडर, अपडेटची सर्व्हिस, कधी स्टोअर कापून काढलेलं असतं. आधी ‘एसएफसी /स्कॅननाऊ’ आणि ‘डिझम’चं ‘रिस्टोअर-हेल्थ’ चालवा. तरी अपडेट अडत असेल तर आयएसओवर डबल क्लिक करून माउंट करा आणि सेटअप सुरू करा. पेन ड्राइव्हवरून बूट केलंत तर प्रोग्राम राखायचा पर्यायच मिळत नाही. सी ड्राइव्हवर २५ जीबी मोकळी जागा, बाहेरचा अँटिव्हायरस काढलेला, प्रिंटर आणि डाँगल (सॉफ्टवेअरचं यूएसबी कुलूप) उपसलेले, यूपीएस चालू. एसएसडीवर तास-दीड तास, जुन्या हार्ड डिस्कवर अर्धा दिवस धरून चाला. इन्स्टॉलच्या आधीच्या शेवटच्या स्क्रीनवर ‘पर्सनल फाइल्स अँड ॲप्स’ राखणार असं लिहिलेलं दिसलंच पाहिजे. नुसतं ‘पर्सनल फाइल्स’ असेल तर तिथेच थांबा, श्रीलिपी आणि टॅली जाणार आहेत.

प्रोग्राम राखायचा तो पर्याय राखाडी का पडतो? तीनच कारणं वारंवार सापडतात. आवृत्ती जुळत नाही. आयएसओ बसवलेल्यापेक्षा जुना आहे. किंवा भाषा वेगळी. भाषेचं लक्षात येत नाही, कारण दोन्ही इंग्रजीच असतात: एक अमेरिकन, एक ‘इंटरनॅशनल’, म्हणजे ब्रिटिश. ‘डिझम /ऑनलाइन /गेट-इंटल’ केलं की सिस्टिमची मूळ भाषा कळते. ‘ईएन-यूएस’ असेल तर अमेरिकन आयएसओ, ‘ईएन-जीबी’ असेल तर इंटरनॅशनल. वरून मराठी डिस्प्ले भाषा लावलेली असली तरी पाया हाच राहतो.

विंडोज १०चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. घरगुती ग्राहकांना सुरक्षा अपडेटची वाढीव मुदत १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत आहे, आणि तीही २२एच२ आवृत्तीवरच. म्हणून दुकानदार ‘सोबतच ११ करून टाकू’ म्हणतो. बरोबर आहे, १०ची अस्सल की ११लाही चालते. पण ११ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूटची (सुरू होतानाच अनोळखी प्रोग्राम अडवण्याची) क्षमता लागते, आणि असेंबल्ड मशीन अनेकदा जुन्या ‘लेगसी’ बूट पद्धतीने एमबीआर (जुन्या मांडणीच्या) डिस्कवर बसवलेली असतात. इथे ‘फॉरमॅटच करावं लागेल’ असं सांगतात ते चूक. विंडोजमध्येच ती डिस्क नव्या जीपीटी मांडणीत बदलणारं ‘एमबीआर२जीपीटी’ हे साधन आहे. आधी ‘/व्हॅलिडेट’, मग ‘/कन्व्हर्ट’, दोन्हीला ‘/अलाउ-फुल-ओएस’ जोडून. डेटा जागेवर राहतो. अट अशी की डिस्कवर जास्तीत जास्त तीन प्रायमरी पार्टिशन असावीत, एक्स्टेंडेड एकही नको. आणि सी, डी, ई, एफ असे चार कप्पे पाडायची आपल्याकडची जुनी खोड नेमकी इथे आडवी येते. मग आधी ई आणि एफमधला डेटा बाहेर हलवून ते कप्पे मोडावे लागतात. रूपांतरानंतर बायोसमध्ये लेगसीचं यूईएफआय (नवी बूट पद्धत) करायला विसरलात तर मशीन बूटच होणार नाही, आणि घाबरून कोणीतरी फॉरमॅट करेल.

३२-बिट विंडोजवर मात्र खरंच इलाज नाही. ११ फक्त ६४-बिट आहे आणि ३२वरून ६४वर फाइल-प्रोग्राम राखून जाता येत नाही. जुना सॉफ्टवेअर-डाँगल असलेल्या डीटीपीवाल्यांनी आणखी एक पाहावं: ११मधलं ‘मेमरी इंटिग्रिटी’ काही जुन्या डाँगल-ड्रायव्हरना अडवतं. श्रीलिपी ‘डाँगल सापडत नाही’ म्हणाली तर आधी सॉफ्टवेअर बनवणाऱ्याकडून नवा ड्रायव्हर मागवा, ते संरक्षण बंद करणं हा शेवटचा उपाय.

ऑफिसचं काय? क्रॅक काढलं की वर्ड-एक्सेलही बोंब मारतात, कारण बहुतेक वेळा एकाच साधनाने दोन्ही ‘जेन्युइन’ केलेली असतात. विंडोजच्या कीत ऑफिस येत नाही. हे दुकानदाराने आधी सांगायला हवं, तो सांगत नाही, आणि संध्याकाळी गिऱ्हाईक भांडायला परत येतं. जुनं ऑफिस पूर्ण अनइन्स्टॉल करूनच नवं टाका. पत्रं आणि साध्या हिशेबांपुरतं हवं असेल तर लिब्रेऑफिस फुकट आणि कायदेशीर आहे.

राहता राहिली सेवा. लॅमिंग्टनचे कारागीर हाताने वेगवान आहेत, यात वाद नाही. बायोसमध्ये शिरून टीपीएम चालू करणं त्यांना झोपेतही जमेल. पण वेळ त्यांचा पैसा आहे, आणि इन-प्लेस रिपेअरला मशीन दीड तास टेबल अडवून बसतं. म्हणून चारच्या सुमाराला, गर्दीत, ‘सर, व्हायरस आहे, फॉरमॅटच करू’ हे वाक्य येतं. सकाळी अकराला, दुकान उघडता-उघडता मशीन टेकवलं तर तोच माणूस निवांत काम करतो. रविवारी बहुतेक शटर खाली असतात. मोठा डेस्कटॉप लोकलमधून नेण्यापेक्षा घरी येणारा माणूस बरा, पण आयएसओ आधी स्वतः डाउनलोड करून ठेवा. त्याच्या पेन ड्राइव्हवरची प्रत कुठून आली हे त्यालाही ठाऊक नसतं.

काम सोपवताना तीन गोष्टी लिहून घ्या: कीचा चॅनल, काम झाल्यावर ‘/डीएलआय’चा फोटो, आणि जीएसटी बिल. बिलावर नुसतं ‘सॉफ्टवेअर’ नको, आवृत्ती आणि लायसन्सचा प्रकार हवा. सॉफ्टवेअरवर १८ टक्के जीएसटी आहे. नोंदणी असलेल्या धंद्याला तो इनपुट क्रेडिटमध्ये परत मिळतो, तेव्हा ‘बिल नको असेल तर इतक्याला देतो’ हा सौदा अशा गिऱ्हाइकाला स्वस्त पडत नाही. डिजिटल लायसन्स मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडा, पण ते खातं ऑफिसच्या नावाचं असू द्या. अकाउंटंट मुलीच्या खासगी मेलवर जोडलंत आणि तिने नोकरी सोडली, तर पुढच्या वेळी मदरबोर्ड बदलल्यावर ‘ट्रबलशूटर’मध्ये लायसन्स हलवायला तिला फोन करावा लागेल.

सगळं झाल्यावर डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन लावा आणि मगच बँकेचे आणि जीएसटी पोर्टलचे पासवर्ड बदला, त्याआधी नाही. सी ड्राइव्हवर ‘विंडोज.ओल्ड’ नावाचा मोठा फोल्डर दिसेल. दहा दिवस त्याला हात लावू नका. प्रिंटर किंवा डाँगल रुसला तर त्या दहा दिवसांतच ‘गो बॅक’ने मागे जाता येतं. मागे गेलात तर जुनी विंडोज तिच्या जुन्या लायसन्ससकट परत येते, म्हणून तपासणी पुन्हा ‘/डीएलआय’पासून.